लादी दुप्पट

त्या ऑफिसात जिन्याला कोणी इमारतीचा भाग मानत नसे. पाया, खांब, तुळया, स्लॅब यांचे हिशेब महिनोन्महिने चालत. जिना मात्र नकाशे पाठवायच्या आदल्या दिवशी आठवायचा आणि त्या वेळी ज्याचे हात रिकामे असतील त्याच्या टेबलावर जाऊन पडायचा. वाचनालयाचा जिना जावईबापूंच्या टेबलावर पडला. त्यांचे हात रिकामे असणं ही त्या ऑफिसातली एकमेव गोष्ट होती, जिच्या भरवशावर वेळापत्रक आखता येई.

ऑफिस नानांचं. खाली घर, वर ऑफिस, मध्ये बावीस पायऱ्या. चौतीस वर्षं नानांनी इमारतींचे सांगाडे डिझाइन केले. दोन वर्षांपूर्वी परवान्याच्या नूतनीकरणासाठी परीक्षा सक्तीची झाली, तेव्हा "माझी परीक्षा कोण घेणार?" असं म्हणून त्यांनी परवाना सोडून दिला. नानांना दोन मुली. थोरलीचे यजमान, म्हणजे जावईबापू, त्या परीक्षेला दोनदा बसले. दोन्ही वेळा प्रश्नपत्रिका अन्यायकारक निघाली. धाकटी पहिल्या फटक्यात पास झाली. या गोष्टीचा घरात उल्लेख होत नसे, कारण जावईबापूंना वाईट वाटे. तेव्हा अशी व्यवस्था बसली होती की काचेची केबिन जावईबापूंची, शेवटचा शब्द नानांचा आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर सही धाकटीची. ती चाळिशीला आली होती. तिला सगळे अजून धाकटीच म्हणत, ड्राफ्ट्समनसुद्धा, फक्त तो पुढे 'ताई' लावायचा.

जिन्याचं स्वतःचं वजन काढायला नानांनी फार पूर्वी एका कागदावर तक्ता करून ठेवला होता. तीन ओळी. पहिली, कलत्या स्लॅबची. नकाशात पाच मीटर दिसणारा जिना तिरका असतो, म्हणून प्रत्यक्षात साडेपाच मीटरहून जास्त भरतो. तेवढं वजन वाढवायचं. दुसरी, त्या स्लॅबवरच्या तिकोनी पायऱ्यांची. तिसरी, पायरीवरची लादी आणि लादीखालचा माल यांची. या तिसऱ्या ओळीपुढे नानांच्या अक्षरात एक शब्द होता आणि त्याभोवती गोल. 'दुप्पट.'

दुप्पट का, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. कोणी विचारलं तर नाना चष्मा काढत, काच पुसत आणि म्हणत, "अनुभव." विचारणारा मान डोलवून जागेवर जाई. अशी पंचवीस-तीस वर्षं गेली. त्या ऑफिसातून बाहेर पडलेल्या प्रत्येक जिन्यावर लादी दुप्पट धरलेली होती आणि का ते एकाही माणसाला सांगता आलं नसतं.

जावईबापूंनी मात्र विचारलं. प्रश्न अगदी योग्य होता. त्यांनी तो विचारला आणि उत्तराची वाट न पाहता शब्द खोडला.

वाचनालयाच्या आर्किटेक्टला 'तरंगता जिना' हवा होता. जावईबापूंनी तो त्याला सात रंगीत पानांत दिला. मीटिंग नानांच्या ऑफिसात झाली. पडद्यावर एक आकडा होता, नऊशे सत्तेचाळीस. त्यातून एक बाण निघून दुसऱ्या आकड्यावर जात होता, सहाशे त्रेसष्ट. दर चौरस मीटरला एवढे किलो.

"जिन्याचं वजन तीस टक्के कमी," जावईबापू म्हणाले. "स्लॅब वीस सेंटिमीटरची पंधरा केली. बाकी सगळी जुनी चरबी होती. भीतीपोटी धरलेली."

आर्किटेक्टने टाळी वाजवली. मग नानांनी वाजवली.

चरबी म्हणजे काय काय, ते सातव्या पानावर बारीक अक्षरात होतं. 'दुप्पट' गेलं होतंच. शिवाय तिरकेपणाची वाढही गेली होती. जावईबापूंनी जिना नकाशात जसा दिसतो तसा, आडवा मोजला होता. उंचावर जायचं साधन त्यांनी कागदावर पसरून निजवलं होतं. सातव्या पानापर्यंत कोणी पोचलं नाही, कारण सहाव्या पानावर फोटो होते.

त्या दिवशी संध्याकाळी नानांनी तो हिशेब धाकटीच्या टेबलावर ठेवला. "जावईबापूंनी बघितलंय. तू फक्त सही कर."

तिच्यासमोर पायाचे एकवीस नकाशे होते आणि ते न्यायला माणूस येऊन बसला होता. तिने सही केली. न वाचता. याला कारण होतं. सबब म्हणून ते चालण्यासारखं नव्हतं, आणि पुढे तिने ते सबब म्हणून वापरलंही नाही.

सात महिन्यांनी, उद्घाटनाला अकरा दिवस असताना, ती पूर्णत्वाच्या दाखल्यासाठी इमारत बघायला गेली. हा दाखला म्हणजे एक पान: इमारत हिशेबाप्रमाणे बांधली आहे आणि वापरायला सुरक्षित आहे. खाली परवानाधारकाची सही. पुढे काही चुकलेलं निघालं तर परवाना जातो, आणि त्या ऑफिसात परवाना एकच होता.

वाचनालयात जिन्याच्या खालच्या टप्प्यावर लादी बसली होती. वरच्या टप्प्यावर मिस्त्री काम करत होता. साठीच्या आसपासचा, अंगाने काटकुळा, नानांच्या कामांवर पहिल्यापासून असलेला. त्याची थापी ज्या मालात जात होती तो बघून धाकटी थांबली.

"मिस्त्री, हा माल किती जाड घालताय?"

"पाच बोटं."

"नकाशात एक बोट आहे."

"नकाशात जमीनही खाली आहे, मॅडम." त्याने थापी पुसली. "आर्किटेक्टसाहेबांनी मागाहून जमिनीत वायरींचे पाइप घातले. जमीन वर आली, जिना होता तिथेच राहिला. आता तुमच्या एका बोटाने लादी लावली तर पहिली पायरी उरते चार बोटांची आणि शेवटची होते वीतभर. पहिलीवर म्हातारा अडखळणार, शेवटचीवर पोर. सगळ्या सारख्या करायच्या तर सगळ्या भरायलाच लागतात."

"हे याच कामावर झालं की नेहमी होतं?"

"ज्या इमारतीत जमीन आणि जिना एकाच दिवशी ठरतात, तिथे होत नाही." मिस्त्रीने पुढची लादी उचलली. "अशी इमारत बघायची राहिलीय माझी."

धाकटी पायरीवर बसली. मग तिने विचारलं, "नानांना हे माहीत आहे?"

"त्यांना मीच दाखवलं की. त्यांचं दुसरं का तिसरं काम असेल. असाच माल भरलेला बघून भडकले, सगळं फोडा म्हणाले. मी म्हटलं, साहेब, किती ठिकाणी फोडत फिराल? तुम्ही कागदावरच दुप्पट धरा आणि सुखाने झोपा." तो हसला. "धरतात ना अजून?"

तीस वर्षं चष्मा पुसून सांगितलेला अनुभव तिच्यासमोर उकिडवा बसून माल कालवत होता.

तिने खालच्या टप्प्याच्या कडेला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणायला सांगितली. मधोमध दोरी आणि जिना यांच्यात सतरा मिलिमीटर फट होती. जिना बसला होता. तिसऱ्या, आठव्या आणि नवव्या पायरीच्या लाद्यांचे सांधे उघडले होते. कोणीतरी त्यांत पांढरं सिमेंट भरून घेतलं होतं, म्हणजे उद्घाटनापुरता प्रश्न सुटला होता.

"वरच्या टप्प्याचं काम थांबवा," ती म्हणाली. "आणि खालच्या पायरीची अर्धा मीटर लादी मालासकट काढून द्या. सगळा चुरा हवा. चिमूटभरही इकडेतिकडे नको."

"काय करणार त्याचं?"

"घरी नेणार."

मिस्त्रीने तिच्याकडे एकदा बघितलं आणि छिन्नी मागवली.

त्या संध्याकाळी जेवायच्या टेबलावर तिने आकडे सांगितले. कलता स्लॅब चारशे एकोणीस किलो, पायऱ्या एकशे अठ्ठ्याऐंशी, लादी आणि माल दोनशे चाळीस. बेरीज आठशे सत्तेचाळीस. कागदावर सहाशे त्रेसष्ट. खालचा टप्पा दहा चौरस मीटरचा, म्हणजे अठराशे चाळीस किलो जास्त. "एक छोटी मोटार, आत पाच माणसं बसलेली," ती म्हणाली. "ती जिन्यावर कायमची उभी केलीय आपण."

नानांनी घास खाली ठेवला. "जिना पडणार आहे का?"

"नाही."

"मग झालं तर."

"पडणार नाही म्हणजे चालेल असं होत नाही, नाना. हे तुमचंच वाक्य आहे. उद्घाटनाला साठ माणसं त्या टप्प्यावर उभी राहून फोटो काढतील. त्यांच्यासाठी राखलेल्या ताकदीत आपण आधीच हात घातलाय. शिवाय जिना आत्ताच सतरा मिलिमीटर बसलाय, रिकामा असताना."

"सतरा मिलिमीटर!" जावईबापू हसले. "नखाएवढं. अगं, काँक्रीट म्हणजे काही काच नाही. घाबरून डिझाइन करायचं तर घरीच बसावं."

"घाबरून नाही, भावोजी. मोजून."

"मिस्त्रीच्या बोटांनी मोजून?" ते थोरलीकडे वळले, पण ती भाजी वाढत होती. "नाना, हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला. माल जास्त मिस्त्रीने घातला. त्याच्याकडून लिहून घ्या. आपला हिशेब नकाशाप्रमाणे बरोबर आहे."

"नकाशाप्रमाणे जिना आडवा आहे का?" धाकटीने विचारलं.

मग नाना बोलले, आणि मऊ आवाजात बोलले. त्यांचा तो आवाज घरात सगळ्यांना ठाऊक होता. तो निघाला की कोणीतरी माघार घेणार असे, आणि ते नाना नसत. "हे बघ बाळ. त्या हिशेबावर तुझी सही आहे. आता दाखल्यावर अडलीस तर विचारतील, आधी कशी केलीस? तुझंच नाव खराब होईल. घरातलं भांडण चव्हाट्यावर येईल. ताईला काय वाटेल, विचार कर."

"विचारतील तर सांगेन. न वाचता केली."

"परवाना जाईल तुझा."

"एकदा न वाचता केली. आता वाचून, खोटं आहे हे कळून केली, तर जायलाच हवा."

नाना उठले. हात धुवायला जाताना म्हणाले, "उद्या दहा वाजता वर बोलू. सगळ्यांसमोर." त्यांना वाटत होतं की सगळ्यांसमोर ती गप्प बसेल. हाही अनुभवच होता.

दहा वाजता ऑफिसात नाना, जावईबापू, थोरली, ड्राफ्ट्समन आणि धाकटी एवढे जण होते. थोरली ऑफिसचा पत्रव्यवहार सांभाळायची आणि नवरा आणि बहीण एका खोलीत असले की कागदातून डोकं वर काढायची नाही. दाखला टेबलावर होता. नानांनी त्याच्यावर पेन आडवं ठेवलं होतं, टोपण काढून.

धाकटी दोन गोण्या एकेक करून आत घेऊन आली. ड्राफ्ट्समन मदतीला उठला.

"काय आहे गं धाकटीताई हे? सिमेंट?"

"अर्धी पायरी. दोन फेऱ्या झाल्या, आता कंबर बोलतेय." तिने कोपऱ्यातून वजनकाटा पुढे ओढला. न्हाणीघरातला, पांढरा, पायांच्या ठशांचा. घरात तो रोज सकाळी एकच माणूस वापरत असे. जावईबापूंनी तो ओळखला.

"हा वर कसा आला?"

"मी आणला." तिने त्यांचा हिशेब उघडून तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "भावोजी, लादी आणि माल मिळून चौरस मीटरला शंभर किलो धरलेत तुम्ही. ही अर्धा मीटर लांब पायरी, तीस सेंटिमीटर रुंद. किती वजन भरायला हवं?"

"तोंडी हिशेब काय घेतेस शाळेसारखा?"

"पंधरा," ड्राफ्ट्समन म्हणाला. मग चूक झाल्यासारखा पेन्सिलीला टोक करू लागला.

तिने एक गोणी काट्यावर ठेवली, तिच्यावर दुसरी. काटा थरथरला आणि थांबला. नानांना लांबचं दिसत नसे; ते खुर्चीतून उठून वाकले.

"छत्तीस," त्यांनी वाचलं.

"काटा चुकतोय," जावईबापू म्हणाले.

नाचता येईना अंगण वाकडं, असं बोलायला त्या खोलीत कोणी नव्हतं. पण थोरलीने पत्रातून डोकं वर काढलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बारा वर्षं ती ज्या गोष्टींकडे बघत नव्हती, त्यातली एक समोर आल्यावर ती नुसती बघत होती.

"अहो," ती म्हणाली, "आज सकाळी याच काट्यावर तुमचं दोन किलो वजन उतरलं म्हणून सगळ्या घराला उठवलंत. तेव्हा बरोबर होता ना?"

ड्राफ्ट्समनची पेन्सिल मोडली. तो ती शोधायला टेबलाखाली गेला आणि बराच वेळ वर आला नाही.

जावईबापूंनी काट्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, नानांकडे बघितलं. नाना गोण्यांकडे बघत होते. एका गोणीचं तोंड सुटलं होतं आणि आत लादीचा तुकडा दिसत होता, त्याला चिकटलेला पाच बोटं जाड माल. तरुणपणी ज्याला ते 'फोडा' म्हणाले होते, तो असाच माल होता. त्यांना सगळं आठवत होतं. तरंगत्या जिन्याच्या मीटिंगमध्येही आठवत होतं. आठवत असताना त्यांनी टाळी वाजवली होती.

हे धाकटीला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. तिने ते बोलून दाखवलं नाही. तिने आडवं ठेवलेलं पेन उचललं, टोपण लावलं आणि नानांच्या खिशात परत ठेवलं.

"दोन लोखंडी तुळया लागतील," ती म्हणाली. "खालच्या टप्प्याच्या दोन्ही कडांखाली, वरपासून खालपर्यंत. वरच्या टप्प्याचा ओला माल काढायचा आणि तिथे हलकं भरण घालायचं. हिशेब माझ्याकडे तयार आहे. आणि एक पत्र. चूक आमची, हिशेब न वाचता सही केली ती माझी. ते मी रात्री लिहिलंय. ताई, पाठवशील?"

थोरलीने हात पुढे केला.

"उद्घाटन?" नानांनी विचारलं. आवाज आता मऊ नव्हता, नुसता म्हातारा होता.

"पुढे जाईल."

ते एकोणीस दिवस पुढे गेलं. आर्किटेक्ट आधी ओरडला, मग रुसला, मग त्याने तुळयांना कुठला रंग द्यावा यावर तीन बैठका घेतल्या. परवाना देणाऱ्या कचेरीतून धाकटीच्या नावावर लेखी ताकीद आली. जावईबापूंच्या नावावर काहीच आलं नाही. कागदोपत्री ते त्या जिन्याच्या आसपासही नव्हते. धाकटीने उघडलेले सांधे नव्याने बसवून घेतले, पुन्हा दोरी ताणली, चार दिवसांनी पुन्हा ताणली. जिना हलला नव्हता. मग तिने दाखला वरपासून खालपर्यंत वाचला आणि सही केली.

उद्घाटनाच्या भाषणात आर्किटेक्टने त्या दोन तुळयांना 'तरंगत्या जिन्याचे पंख' म्हटलं. जावईबापू पहिल्या रांगेत होते. त्यांनी उभं राहून आभार मानले. माणसांनी जिन्यावर उभं राहून फोटो काढले. धाकटीने ती मोजली. चौसष्ट. मिस्त्रीला बोलावणं नव्हतं. तो दुसऱ्या कामावर होता, तिथेही जमीन वर आली होती.

दुसऱ्या दिवशी तिने जुना तक्ता काढला. तिसऱ्या ओळीत 'दुप्पट' पुन्हा लिहिलं, गोल केला, आणि गोलाबाहेर कारण लिहायला घेतलं. नाना मागे येऊन उभे राहिले.

"एवढं कशाला लिहितेस? 'अनुभव' लिही. कळतं लोकांना."

"लिहिते की. कोणाचा, तेही लिहू?"

नानांनी चष्मा काढला. काच पुसायला लागले. यावेळी त्यांनी ती बराच वेळ पुसली.

तिने लिहिलं: जमीन नंतर वर येते, पायऱ्या सारख्या करण्यासाठी माल भरावा लागतो. वाचनालय, खालचा टप्पा, अर्धा मीटर, छत्तीस किलो, प्रत्यक्ष वजन करून. पहिल्यांदा मिस्त्रीने दाखवलं. खाली तारीख टाकली, सही केली. मग वजनकाटा काखेत मारून बावीस पायऱ्या उतरली, कारण थोरलीने तो मागितला होता. न्हाणीघरात नको, स्वयंपाकघरात ठेव, म्हणाली होती. तिला आता घरातल्या बऱ्याच गोष्टी मोजून बघायच्या होत्या.